करनीती आणि पक्षातीत व्यासपीठ

फेब्रुवारी महिन्याचे वेतनपत्रक हाती पडले की महाराष्ट्रातील प्रत्येक शाळेच्या शिक्षकदालनात आणि प्रत्येक कचेरीत एक प्रश्न हटकून निघतो. अकरा महिने दोनशे रुपये कापला जाणारा व्यवसाय कर याच महिन्यात तीनशे रुपये कसा होतो? मुख्य कारकून अनुभवी असेल तर तो हसून सांगतो की, अकरा गुणिले दोनशे म्हणजे बावीसशे. वर्षाची कमाल मर्यादा अडीच हजार. उरलेले तीनशे आर्थिक वर्षाच्या अखेरीस फेब्रुवारीत वळते होतात. गणित जुळते, चहा येतो आणि विषय संपतो. पण ही अडीच हजारांची मर्यादा कोणी घातली, हा कर मुळात कशासाठी बसवला गेला आणि महिना अकरा हजार मिळवणारा कारकून व महिना अकरा लाख मिळवणारा कंपनीचा संचालक यांच्याकडून एकच रक्कम का घेतली जाते, हे प्रश्न त्या चहाबरोबर गिळले जातात. ते विचारावयाचे कोठे, हेच आपल्याला ठाऊक नसते.

करांविषयी आपल्याकडे चर्चा होत नाही असे नाही. ती वर्षातून दोनदा होते. एकदा अर्थसंकल्पाच्या दिवशी आणि एकदा मार्च महिन्यात. पहिल्या चर्चेत सत्ताधारी पक्ष अर्थसंकल्पास ऐतिहासिक म्हणतो आणि विरोधी पक्ष त्यास जनविरोधी म्हणतो. दोन्ही निवेदने आदल्या दिवशीच टंकलिखित करून ठेवता येतील अशी असतात. दुसरी चर्चा विमा हप्त्यांच्या पावत्या गोळा करण्याची असते. या दोहोंच्या दरम्यान, म्हणजे उरलेले दहा-अकरा महिने, कर न्याय्य आहे का, तो वसूल करण्याचा खर्च किती, त्याचा भार अखेर कोणाच्या खांद्यावर जाऊन पडतो, असले विचार करण्याचे काम आपण तज्ज्ञांवर सोपवून मोकळे होतो. आता हे तज्ज्ञ एकमेकांशी बोलतात तरी कोठे, आणि बोलतात तेव्हा कोणाच्या वतीने, एवढाच प्रश्न या लेखापुरता घेतला आहे. त्याचे एक उत्तर अमेरिकेत सव्वाशे वर्षांपूर्वी शोधले गेले. ते सर्वस्वी समाधानकारक आहे असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही. परंतु त्यातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

१९०७ सालच्या नोव्हेंबर महिन्यात ओहायो राज्यातील कोलंबस या शहरी एक परिषद भरली. निरनिराळ्या राज्यांचे करअधिकारी, विद्यापीठांतील अर्थशास्त्राचे प्राध्यापक, वकील, हिशेबतपासनीस आणि काही व्यापारी असा तो मेळा होता. तिच्यामागे ॲलन रिप्ले फूट नावाचा एक खटपट्या गृहस्थ होता. त्या परिषदेतून ‘नॅशनल टॅक्स असोसिएशन’ ही संस्था उभी राहिली. तिचे वैशिष्ट्य असे की, ती करदात्यांची तक्रारसभा नव्हती, अधिकाऱ्यांची संघटना नव्हती आणि प्राध्यापकांचे मंडळही नव्हते. कर बसवणारा, कर गोळा करणारा, कर भरणाऱ्यास सल्ला देणारा आणि कराचा अभ्यास करणारा, हे चौघे एका मेजाभोवती बसावेत आणि त्यांनी आपापल्या पक्षाची टोपी दाराबाहेर ठेवावी, एवढीच तिची कल्पना होती. कल्पना साधी आहे. तथापि ती अमलात आणण्यास त्या मंडळींना भाग पाडले ते एका विलक्षण नामुष्कीने.

ती नामुष्की म्हणजे त्या काळी अमेरिकेतील राज्यांचा मुख्य आधार असलेला सर्वसाधारण मालमत्ता कर. त्यामागील तत्त्व वरकरणी अत्यंत न्याय्य होते. ज्याची जेवढी मालमत्ता, तेवढा त्याचा कर. आणि मालमत्ता म्हणजे केवळ जमीन व घर नव्हे, तर गुरेढोरे, अवजारे, घड्याळे, पियानो, शेअर, कर्जरोखे, उसनवार दिलेले पैसे, सर्व काही. सर्वांवर एकच दर. याहून समानता ती कोणती? ज्या काळी श्रीमंती म्हणजे जमीन आणि जनावरे हेच समीकरण होते, त्या काळी हे चाललेही. पण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संपत्तीचे रूप पालटले. ती कागदात शिरली. कागद तिजोरीत गेला. शेतकऱ्याची गाय करनिर्धारकास रस्त्यावरून दिसत होती. शहरातील सावकाराचा कर्जरोखा दिसत नव्हता. करदात्याने शपथेवर यादी द्यावयाची होती आणि शपथेवरच लोक खोटे बोलत होते. त्यांना सर्वस्वी दोष देता येत नाही. रोख्यावर शेकडा चार-पाच टक्के व्याज मिळावे आणि कर मात्र मुद्दलावर शेकडा दोन-अडीच टक्के पडावा, म्हणजे प्रामाणिक माणसाचे निम्मे व्याज सरकारजमा होणार! तेव्हा प्रामाणिकपणा हा ज्याचा त्याचा छंद होऊन बसला.

यात सर्वांत जास्त भरडले कोण जात होते, हे लक्षात घेण्याजोगे आहे. ज्यांची संपत्ती लपवता येत नव्हती ते शेतकरी. आणि त्यांच्या जोडीला विधवा व अनाथ मुले. कारण कर्ता पुरुष मरण पावला की त्याच्या मालमत्तेची यादी न्यायालयात दाखल होई, आणि तेथून ती करनिर्धारकाच्या हाती लागे. नवऱ्याने हयातभर लपवलेला रोखा विधवेच्या नावावर येताच उघडा पडे. अशा रीतीने सर्वांना समान लेखणारा कायदा प्रत्यक्षात दुबळ्यांना वेचून काढत होता. ज्या ओहायोत ही परिषद भरली, त्या राज्याने तर यावर एक अघोरी उपायही करून पाहिला होता. लपवलेली मालमत्ता हुडकून काढणारे कंत्राटी शोधक नेमावयाचे आणि त्यांना वसुलीच्या रकमेवर दलाली द्यावयाची! शोधकांची चंगळ झाली, लोक संतापले, रोखे काही फारसे बाहेर आले नाहीत, आणि १९०६ च्या सुमारास तो कायदा गुंडाळण्यात आला. पुढल्याच वर्षी त्या राज्याच्या राजधानीत करतज्ज्ञ जमावेत, यात योगायोगाचा भाग थोडाच असावा.

नव्या संस्थेने हाती घेतलेले पहिले मोठे काम याच कराच्या अपयशाची कारणे शोधण्याचे होते. तिच्या समितीचा अहवाल १९१० साली आला. तोवर सर्वसामान्य समजूत अशी होती की, कायदा चांगला आहे, अंमलबजावणी ढिली आहे. अधिक कडक अधिकारी नेमा, अधिक शिक्षा ठेवा, की सारे सुरळीत होईल. ही समजूत आपल्यालाही अपरिचित नाही. समितीने वेगवेगळ्या राज्यांचा अनुभव शेजारी शेजारी मांडला आणि उलट निष्कर्ष काढला. जेथे अंमल कडक होता तेथेही फळ निराळे नव्हते. दोष अधिकाऱ्याच्या हातात नसून कराच्या घडणीतच होता. हे वाक्य एखाद्या विरोधी पक्षाने म्हटले असते तर त्याची किंमत निवडणुकीपुरती राहिली असती. ते करवसुली करणाऱ्या अधिकाऱ्यांनी आणि कराचा अभ्यास करणाऱ्या प्राध्यापकांनी एकत्र बसून म्हटले, म्हणून त्यास वजन आले.

मग पर्याय कोणता? येथे या संस्थेच्या इतिहासातील, माझ्या मते, सर्वांत मनोज्ञ प्रकरण येते. आयकर हा पर्याय उघड होता. पण राज्यपातळीवरील आयकराचा अमेरिकेतील पूर्वीचा अनुभव वाईट होता. अनेक राज्यांनी तो बसवला होता आणि बहुतेकांच्या हाती धुपाटणे आले होते. ज्या अभ्यासकांनी या प्रयोगांचा बारकाईने अभ्यास केला, त्यांचा निर्वाळा असा की, राज्यांनी या वाटेस जाऊ नये. त्यांत डिलॉस किन्समन हे प्राध्यापक होते. आणि याच किन्समन यांच्याकडे विस्कॉन्सिन राज्याने आपल्या आयकर कायद्याचा मसुदा तयार करण्याचे काम सोपवले! १९११ साली तो कायदा झाला. पूर्वीच्या कायद्यांत निर्धारण करणारे स्थानिक निवडून आलेले लोक असत. ज्यांच्या मतांवर निवडून यावयाचे त्यांच्याच उत्पन्नाची चौकशी ते काय करणार? विस्कॉन्सिनने निर्धारक राज्याच्या कर आयोगामार्फत, परीक्षा घेऊन नेमले. दुसरी गोष्ट म्हणजे, कोणास किती पगार व किती लाभांश दिला याची माहिती देणाऱ्याकडूनच मागवण्याची सोय केली. केवळ घेणाऱ्याच्या शपथेवर विसंबावयाचे नाही. आज आपल्या वेतनातून मुळातच कापला जाणारा आयकर आणि वर्षअखेरीस मिळणारा त्याचा दाखला यांच्यामागे जी दृष्टी आहे, तिचे हे जवळचे भावंड होय. आयोगाचे काम ज्यांनी पाहिले ते थॉमस ॲडम्स हे अर्थशास्त्राचे प्राध्यापकच होते.

कर यशस्वी झाला. तेव्हा शंका घेणाऱ्या पंडितांनी काय केले? त्यांनी मत बदलले. असोसिएशनच्या वार्षिक परिषदांत विस्कॉन्सिनचे आकडे मांडले गेले, उलटतपासणी झाली, आणि १९१९ साली हार्वर्डचे चार्ल्स बुलक यांच्या अध्यक्षतेखालील समितीने राज्यांसाठी जी आदर्श करयोजना सुचवली तिच्यात व्यक्तिगत आयकरास मानाचे स्थान होते. त्याच वर्षी न्यूयॉर्क राज्याने आयकर स्वीकारला. बारा वर्षांपूर्वी ज्या मेजाभोवती आयकराविषयी साशंकता होती, त्याच मेजावरून त्याची शिफारस निघाली. राजकीय पक्षास असे मत बदलणे परवडत नाही. त्यास ते घूमजाव ठरते. पक्षातीत संस्थेचा खरा उपयोग मला येथे दिसतो. तिला मते नसतात असे नव्हे. पुरावा आला की ती बदलण्याची मोकळीक तिला असते.

या कथेत मराठी वाचकास विशेष जवळची वाटावी अशी एक व्यक्ती आहे. १९१३ ते १९१५ या काळात असोसिएशनचे अध्यक्ष होते कोलंबिया विद्यापीठातील प्राध्यापक एडविन सेलिग्मन. बँकिंग व्यवसायातील श्रीमंत घराण्यात जन्मलेला हा गृहस्थ आयकराचा आणि चढत्या श्रेणीच्या करआकारणीचा अमेरिकेतील अग्रगण्य भाष्यकार होता. सर्वसाधारण मालमत्ता करावर त्याने केलेली टीका त्या काळी अभ्यासकांच्या तोंडी होती. १९१३ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या राज्यघटनेत सोळावी दुरुस्ती होऊन केंद्र सरकारास आयकर बसवण्याचा निर्विवाद अधिकार मिळाला आणि ऑक्टोबरात त्यानुसार कायदा झाला. या दोन घटनांच्या मधोमध, जुलै महिन्यात, बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन एक तरुण न्यूयॉर्कला पोहोचला आणि कोलंबियात सेलिग्मन यांच्या वर्गात बसू लागला. तो तरुण म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर.

ज्या वर्षी अमेरिका कराविषयी सर्वांत गंभीरपणे विचार करीत होती, नेमक्या त्याच वर्षी, त्या विचाराच्या केंद्रस्थानी असलेल्या गुरूपाशी बाबासाहेब सार्वजनिक आयव्यय शिकत होते. त्यांचा ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरील ग्रंथ १९२५ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला, त्यास प्रास्ताविक सेलिग्मन यांचे आहे आणि तो अर्पण केला आहे सयाजीराव महाराजांस. मध्यवर्ती सरकार आणि प्रांत यांच्यात महसुलाची वाटणी कसकशी होत गेली, याचा तो इतिहास आहे. आज केंद्र आणि राज्ये यांच्यातील करवाटणीवरून जे वाद होतात त्यांत भाग घेणाऱ्या किती जणांनी हा ग्रंथ उघडला असेल, हा प्रश्न विचारण्याचा मोह आवरतो.

परंतु ग्रंथापेक्षाही बोलके आहे ते बाबासाहेबांचे १९२७ च्या फेब्रुवारीतील मुंबई विधिमंडळामधील अर्थसंकल्पावरचे भाषण. जमीनमहसुलावर त्यांनी जो आक्षेप घेतला तो थेट करशास्त्राच्या गाभ्यातला होता. आयकर भरणाऱ्याचे उत्पन्न ठरावीक मर्यादेखाली गेले तर त्यास कर माफ असतो. उत्पन्नच झाले नाही तर कर नाही. शेतकऱ्याचे मात्र पीक बुडो अथवा येवो, जमीन एक एकर असो अथवा शंभर एकर, सारा त्याच दराने द्यावा लागतो. हे कोणत्या न्यायात बसते? ओहायोच्या शेतकऱ्याची गाय आणि मुंबई इलाख्यातील शेतकऱ्याची जमीन, दोन्ही करनिर्धारकास रस्त्यावरून दिसत होत्या, आणि दोन्ही ठिकाणी दिसते त्यावर कर आणि दिसत नाही त्यास सूट असाच प्रकार होता. ऐपतीप्रमाणे कर हे तत्त्व कोलंबियाच्या वर्गखोलीतून निघून मुंबईच्या विधिमंडळात आले ते असे.

सेलिग्मन यांचे आणखी एक काम आजच्या अनेक मराठी कुटुंबांच्या उपयोगी पडले आहे, याचीही नोंद केली पाहिजे. पहिल्या महायुद्धानंतर एकाच उत्पन्नावर दोन देशांत कर पडू लागला, तेव्हा राष्ट्रसंघाने चार अर्थतज्ज्ञांचा अहवाल मागवला. ब्रुइन्स, आइनाउदी, स्टॅम्प आणि सेलिग्मन हे ते चौघे. अहवाल १९२३ चा. पुढे ॲडम्स यांनीही त्या कामास हात लावला. दुहेरी करआकारणी टाळण्याचे जे करार आज देशोदेशी आहेत त्यांची वंशावळ तेथपर्यंत पोहोचते. भारत आणि अमेरिका यांच्यातील असा करार १९८९ साली झाला. न्यू जर्सीत नोकरी करणारा आणि पुण्यातील फ्लॅटचे भाडे घेणारा मुलगा आपल्या वडिलांना फोनवरून ज्या कलमांविषयी विचारतो, ती कलमे याच करारातील.

हे सारे ऐकून कोणी म्हणेल, वा, किती उदात्त संस्था! थोडे थांबले पाहिजे. पक्षातीत हा शब्द जितका भारदस्त तितकाच फसवा आहे. वकील आणि हिशेबतपासनीस कोणत्याही पक्षाचे सभासद नसतील, पण त्यांना अशील असतात. अशील कोण? ज्याला सल्ल्याची फी देणे परवडते तो. महिना पंधरा हजार मिळवणाऱ्या माणसाच्या वतीने अशा परिषदेत निबंध वाचण्यास कोणी जात नाही. तो कर भरतो तो दुकानदाराच्या बिलातून, आणि बिलास निबंध लिहिता येत नाही. शिवाय एक अवघड गोष्ट अशी की, कायद्याची गुंतागुंत हीच या व्यवसायाची भाकरी आहे. कायदा सोपा व्हावा असे सर्वजण व्याख्यानात म्हणतात; तो खरोखरच सोपा झाला तर अर्ध्या कचेऱ्यांना टाळे लागेल. अमेरिकेत २००२ साली तेथील महसूल खात्याने करविवरण भरून देणाऱ्या संगणकप्रणालीच्या कंपन्यांशी करार केला. त्यांनी अल्प उत्पन्नाच्या लोकांना सेवा फुकट द्यावी, सरकारने स्वतः त्या धंद्यात उतरू नये. वीस वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर, २०२४ मध्ये, खात्याने काही राज्यांपुरती स्वतःची मोफत व्यवस्था सुरू केली. दोन हंगाम ती चालली आणि २०२६ च्या हंगामासाठी बंद करण्यात आली. आपल्याकडील वेतनदार शासनाच्या संकेतस्थळावर बव्हंशी आधीच भरलेले विवरण तपासून विनामूल्य दाखल करतो, ही गोष्ट अमेरिकेतील शिक्षकास हेवा वाटावा अशी आहे. ती आपण गृहीत धरतो, एवढेच.

नॅशनल टॅक्स असोसिएशनने या धोक्यावर काढलेला मार्ग असा की, तिने कालांतराने शिफारशी करण्याचेच सोडले. आज ती कोणत्याही विशिष्ट करयोजनेचा पुरस्कार करीत नाही. वार्षिक परिषद भरवते आणि १९४८ पासून निघणारे आपले त्रैमासिक चालवते. निबंध छापावयाचा, त्यावरील आक्षेप छापावयाचे, निर्णय वाचकावर सोडावयाचा. प्रस्तुत लेखकास यात लाभापेक्षा हानी थोडी अधिक वाटते. १९१० चा अहवाल आणि १९१९ ची योजना यांत चुकण्याचे धैर्य होते. कोणतीच बाजू न घेणारी संस्था निर्दोष राहते, पण ती मग ग्रंथालयात अधिक आणि विधिमंडळात कमी आढळते. दुसऱ्या बाजूने हेही मान्य केले पाहिजे की, जे बोलावयाचे ते छापून बोलावयाचे, या एका शिस्तीने अशिलाचे वकीलपत्र बरेचसे उघडे पडते. मंत्र्याच्या दालनात कुजबुजलेल्या सूचनेस आक्षेप घेता येत नाही. छापील निबंधास घेता येतो.

आता आपल्या घराकडे वळू. भारतात करव्यावसायिकांच्या संस्था नाहीत असे कोणी म्हणू नये. १९७६ साली ‘ऑल इंडिया फेडरेशन ऑफ टॅक्स प्रॅक्टिशनर्स’ ही संस्था निघाली. नानी पालखीवाला तिचे पहिले अध्यक्ष होते. अर्थसंकल्पावरील त्यांचे व्याख्यान ऐकण्यास मुंबईचे ब्रेबर्न स्टेडियम भरत असे, हे जुन्या वाचकांना आठवत असेल. क्रिकेटचा सामना नसताना लोक करांविषयी ऐकण्यासाठी मैदानात येऊन बसत, हे आज सांगूनही खरे वाटणार नाही. त्याच १९७६ साली दिल्लीत सार्वजनिक वित्त व धोरण यांच्या अभ्यासाची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली आणि राजा चेल्लय्या तिचे पहिले संचालक झाले. म्हणजे व्यावसायिकांचे एक मेज मांडले गेले आणि अभ्यासकांचे दुसरे, एकाच वर्षी, पण दोन निराळ्या खोल्यांत. करअधिकारी तिसऱ्या खोलीत होताच. या तिन्ही खोल्यांतील माणसे एकमेकांस भेटतात ती सरकारने एखादी समिती नेमली म्हणजे. समितीचा अहवाल सादर झाला की मेज उठते.

अशा समित्यांनी चांगले काम केलेले नाही, असे मुळीच नाही. १९७१ च्या अर्थसंकल्पात यशवंतराव चव्हाणांनी अधिभार वाढवला तेव्हा आयकराचा सर्वोच्च दर, अधिभार धरून, शेकडा ९७.७५ वर गेला. म्हणजे वरच्या पायरीवरील माणसाने शंभर रुपये मिळवले तर त्याच्या हाती सव्वादोन रुपये राहावेत! कागदावर समाजवादाचा हा कळस होता. व्यवहारात तो करचुकवेगिरीस दिलेला परवाना ठरला. माजी सरन्यायाधीश वांच्छू यांच्या समितीने त्याच वर्षी आपल्या अहवालात हे स्पष्टपणे सांगितले आणि दर खाली आणण्याची शिफारस केली. १९७४ च्या अर्थसंकल्पात चव्हाणांनीच तो ७७ टक्क्यांवर आणला. ज्याने चढवला त्यानेच उतरवला. आपल्या राजकारणात ही गोष्ट दुर्मीळ म्हणावी लागेल, आणि तिचे श्रेय चव्हाणांबरोबर त्या अहवालासही दिले पाहिजे. ओहायोतील कर्जरोख्यांचा धडा आपण साठ वर्षांनी, स्वतःच्या खर्चाने, पुन्हा शिकलो. तो आपल्यासमोर मांडणारे एखादे कायमचे मेज असते तर शुल्क कमी पडले असते काय, हे कोणी सांगावे?

अलीकडचे उदाहरण नव्या आयकर कायद्याचे. १९६१ चा कायदा दुरुस्त्यांचे ठिगळ लावून लावून ८१९ कलमांपर्यंत फुगला होता. २०२५ च्या फेब्रुवारीत त्याच्या जागी नवे विधेयक आले. लोकसभेच्या निवड समितीने त्यावर २८५ सूचना केल्या. सरकारने मूळ विधेयक मागे घेऊन सुधारलेले मांडले आणि ऑगस्टमध्ये ५३६ कलमांचा कायदा संमत झाला. त्याच्या अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६. ‘मागील वर्ष’ आणि ‘आकारणी वर्ष’ या दोन शब्दांनी तीन पिढ्यांच्या वाणिज्य विद्यार्थ्यांना छळले, त्यांच्या जागी एकच ‘करवर्ष’ आले, याबद्दल परीक्षार्थींनी पेढे वाटावयास हरकत नाही. भाषा सोपी झाली हे खरे. परंतु कायद्याची भाषा सोपी करणे आणि कर सोपा करणे या भिन्न गोष्टी आहेत. दुसऱ्या गोष्टीवर संसदेत किती वेळ चर्चा झाली? विधेयक लोकसभेत काही मिनिटांत संमत झाले. दोनशे पंच्याऐंशी सूचनांपैकी शिक्षकाला व कारकुनाला लागू पडणाऱ्या कोणत्या, हे त्याला समजावून सांगण्यास कोणी पुढे आले नाही.

केंद्रापेक्षाही अंधार दाट आहे तो राज्याच्या आणि पालिकेच्या करांत. मुंबईचा मालमत्ता कर कित्येक दशके घराच्या भाड्यायोग्य मूल्यावर आकारला जाई, आणि भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या भाड्यांस गोठवून ठेवले होते. परिणामी गिरगावातील जुन्या इमारतीतील प्रशस्त जागेचा कर उपनगरातील नव्या इमारतीतल्या छोट्या जागेहून कमी, असा उफराटा न्याय चालू राहिला. २०१० पासून भांडवली मूल्याची पद्धत आली. मग २०२२ च्या जानेवारीत पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर माफ झाला. पालिकेची निवडणूक त्या वेळी तोंडावर आली आहे असे सर्वांनाच वाटत होते. माफी चुकीची होती असे मी म्हणत नाही. लहान घरातील माणसास दिलासा मिळाला. पण कुलाब्यातील पाचशे फूट आणि मानखुर्दमधील पाचशे फूट यांची ऐपत एक नव्हे, हा मुद्दा तरी कोणी सभागृहात मांडावयास हवा होता. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १९७८ साली जनमताने मालमत्ता कर मूल्याच्या एक टक्क्यापुरता बांधला आणि मूल्यवाढीस दरसाल दोन टक्क्यांची वेसण घातली. घर विकले गेले तरच नवे मूल्य धरावयाचे. तेव्हापासून शेजारशेजारच्या सारख्या घरांचा कर कितीतरी पटींनी वेगळा असतो, आणि त्यावर तेथील अभ्यासकांनी निबंधांच्या राशी घातल्या आहेत. कर बदलला नाही. पण कोणाला किती लाभ आणि कोणाला किती तोटा, हे तेथील नागरिकास निदान विचारल्यास कळते. मुंबईच्या माफीविषयी तेवढे कळावयाचे असेल तर कोणाचे दार ठोठवावे?

आणि आता तो फेब्रुवारीतील तीनशे रुपयांचा हिशेब. महाराष्ट्राने व्यवसाय कर १९७५ साली बसवला तो रोजगार हमी योजनेसाठी पैसा उभा करण्यास. दुष्काळाने खचलेल्या खेड्यातील माणसाच्या हातास काम मिळावे म्हणून शहरातील पगारदाराने आपल्या वेतनातून दरमहा काही द्यावे, ही त्यामागील भूमिका होती. पुढे २००५ साली केंद्राने केलेल्या रोजगार हमी कायद्यास महाराष्ट्राच्या या योजनेचा अनुभव उपयोगी पडला. इतक्या सरळ हेतूने बसवलेला कर आपल्याकडे फार थोडे आढळतात. परंतु त्याची कमाल मर्यादा राज्य सरकारच्या हाती नाही; ती राज्यघटनेच्या २७६ व्या कलमात आहे. प्रारंभी ती वर्षास अडीचशे रुपये होती. १९८८ साली साठाव्या घटनादुरुस्तीने ती अडीच हजार झाली आणि तेथेच थांबली. १९८८ सालचे अडीच हजार रुपये म्हणजे पुष्कळांचा महिन्याचा पगारही नव्हता. आज ती मुंबईतील एका कुटुंबाच्या चार दिवसांच्या बाजारहाटाची रक्कम आहे. चौदाव्या वित्त आयोगाने ही मर्यादा बारा हजारांपर्यंत नेण्याची शिफारस केली. ती अमलात आली नाही, नाकारली गेली अशी मोठी चर्चाही झाली नाही.

मर्यादा न वाढल्याने काय होते? महिना साडेसात ते दहा हजार मिळवणाऱ्या पुरुष कर्मचाऱ्याकडून १७५ रुपये, आणि दहा हजारांवरील प्रत्येकाकडून वर्षास अडीच हजार. २०२३ च्या एप्रिलपासून पंचवीस हजारांपर्यंत वेतन असलेल्या स्त्रियांस तो माफ झाला, हे योग्यच झाले. पण वरच्या टोकास बांध तसाच आहे. अकरा हजारवाल्या कारकुनाच्या वार्षिक मिळकतीच्या जवळजवळ दोन टक्के, आणि अकरा लाखवाल्या संचालकाच्या पन्नासाव्या हिश्श्यातील शंभरावा भाग! ऐपतीचे तत्त्व येथे उलटे टांगलेले आहे. १९२७ साली सारा भरणाऱ्या शेतकऱ्याविषयी जो प्रश्न मुंबईच्या विधिमंडळात विचारला गेला तोच, शब्द न बदलता, या कराविषयी विचारता येईल. मुख्य कारकुनाने पुढच्या फेब्रुवारीत अकरा गुणिले दोनशेचे गणित समजावून झाल्यावर हे दुसरे गणितही फळ्यावर मांडावे. त्यास दोन ओळी पुरतात.